फळीवर फळी

२०२१ च्या डिसेंबरात युनेस्कोने नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड व आइसलंड या पाच देशांची एक परंपरा मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंदवली. ती परंपरा फळीवर फळी चढवून लाकडी नावा बांधण्याची. आता नाव म्हणजे हाताला लागणारी वस्तू. मग हा वारसा अमूर्त कसा? कारण मान मिळाला तो बांधणाराच्या ज्ञानाला.

व्हायकिंगांच्या काळचे कारागीर ओकचा बुंधा करवतीने कापीत नसत, पाचरी ठोकून उभा फोडीत. लाकडाचा तंतू त्यामुळे अखंड राही आणि दोन-तीन सेंटिमीटर जाडीची फळीही चिवट व लवचीक होई. आधी कणा, मग एकेक फळी. खालच्या फळीच्या कडेवर वरचीची कड, सांध्यात डांबरात भिजवलेली लोकर, आरपार लोखंडी खिळा आणि आतून चकती. फासळ्या मागाहून बसवीत. म्हणजे आकार सांगाड्यावरून ठरतच नसे! तो ठरे सुताराच्या नजरेने. कागदावर नकाशा नाही.

१८८० साली नॉर्वेत गोकस्टाड येथे असे एक प्राचीन जहाज उत्खननात मिळाले. त्याची प्रतिकृती १८९३ मध्ये अटलांटिक ओलांडून शिकागोच्या प्रदर्शनाला गेली. जहाज लाटांबरोबर वाकते, पण मोडत नाही, असा कप्तान मॅग्नस अँडरसनचा अनुभव होता.

असा सुतार आपल्या जनगणनेत कोणत्या रकान्यात बसला असता? त्याला निरक्षर म्हणा, हरकत नाही. पण अशिक्षित म्हणण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. हा शब्द आमच्या माणसांना उद्देशून मी पुष्कळदा ऐकला आहे, आणि तोही सुशिक्षितांच्याच तोंडून.

कोणी म्हणेल, फायबरच्या होड्या आल्यावर लाकडाचे कौतुक कशाला? बरोबर आहे. वारशापायी कोळ्याने तोटा सोसावा, असे सांगणारे आपण कोण? पण होडी बदलली म्हणून मेस्त्रीचे ज्ञान खोटे ठरत नाही.

कोकणातल्या लाकडी नावांत फळ्या कडेला कड भिडवून बसवतात. रीत निराळी, पण जुना मेस्त्री तिथेही नकाशावाचूनच नाव उभी करतो. असा एखादा मेस्त्री आपल्या वाङ्मय मंडळाचा पाहुणा म्हणून यावा, आणि प्राध्यापकांसह आपण सर्वांनी वह्या घेऊन समोर बसावे. मात्र त्यांना भाषण करायला सांगू नये. एक फळी आणि वाकस तेवढा द्यावा.