परवाना कोणाला, संरक्षण कोणाला?

१९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांसंबंधी जे निर्देश दिले, त्यांचा अर्थ ‘धंदा कायदेशीर झाला’ असा अनेकांनी लावला. तो चुकीचा आहे. स्वेच्छेने हा व्यवसाय करणाऱ्या सज्ञान स्त्रीला पोलिसांनी अटक वा छळ करू नये, असे न्यायालयाने म्हटले; कुंटणखाना चालविणे १९५६ च्या कायद्यान्वये आजही गुन्हाच आहे.

हे अंतर पुसून सबंध व्यवसायालाच परवाना द्यावा, म्हणजे मुलींचा व्यापार आपोआप थांबेल, असे मानणारा एक सुशिक्षित वर्ग आहे. त्याने छावण्यांचा इतिहास चाळावा. कामठीसारख्या लष्करी छावण्यांसाठी १८६४ साली जो कायदा झाला, त्यात या स्त्रियांच्या नोंदणीची व तपासणीची तरतूद होती. १८८६ च्या जूनमध्ये तर लष्करी मुख्यालयाने परिपत्रकच काढले : छावणीच्या बाजारात स्त्रिया पुरेशा आणि दिसावयास आकर्षक असाव्यात! सरकारदरबारी बाईची मागणी दाणावैरणीसारखी नोंदली गेली की पुरवठा करणारा उभा राहतोच. दोन वर्षांनी ब्रिटिश पार्लमेंटला ही पद्धत बंद करण्याचा ठराव करावा लागला. अलीकडे, २०१३ साली, दीडशेपर्यंत देशांची आकडेवारी तपासणाऱ्या एका अभ्यासाने काढलेला निष्कर्षही कायदेशीर बाजारपेठेकडे माणसांची आयात अधिक होते, असाच आहे. ही आकडेवारी कच्ची असते हे खरे. चोरटा व्यापार कीर्द-खतावणी ठेवीत नाही.

परंतु दुसरे टोकही तितकेच निर्दय आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये नागपूरच्या पोलिसांनी गंगा-जमुना वस्तीची नाकेबंदी केली. अशा कारवाईत दलाल जागा बदलतो. चूल विझते ती तेथील बाईची. सुटकेच्या नावाखाली सज्ञान स्त्रियांना डांबले जाते, ही सांगलीच्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेची जुनी तक्रार आहे, आणि ती रास्त आहे.

भंडारा जिल्ह्यात हा प्रश्न वस्तीत नव्हे, गावाच्या वेशीवर सुरू होतो. जेथे धानाला दुसरे पाणी नाही, तेथे रोवणी-कापणी आटोपली की हाताला काम उरत नाही. विडीची मजुरी हजारावर मोजली जाते, आणि तीही कंत्राटदाराच्या मर्जीने. अशा रिकाम्या महिन्यांतच ‘शहरात काम लावून देतो’ म्हणणाऱ्याला घरात पाट मिळतो. माणसांच्या व्यापाराला बंदी घालणारे संविधानाचे तेविसावे कलम या उंबरठ्यापर्यंत पोहोचलेले नाही.

ते पोहोचविण्याचे काम कार्यकर्त्यांचे आहे. बाहेरगावी गेलेल्यांची नोंदवही ग्रामसभेने ठेवावी, कोण कोणाबरोबर व कोठे गेले ते त्यात लिहावे. आणि मुलगी हरवल्याची तक्रार ठाणेदार ‘आमची हद्द नाही’ म्हणून परत पाठवू लागला, तर हद्द कोणतीही असो, तक्रार नोंदविणे कायद्याने बंधनकारक आहे, हे त्याला सांगून नोंद होईपर्यंत ठाण्यातून हलू नये.