बॅटरी बदलण्याआधी एक रात्र मोजा

मे महिना लागला की अकोल्याच्या टिळक रोडपासून अमरावतीच्या राजकमल चौकापर्यंत आपल्या सगळ्यांच्या काउंटरवर एकच तक्रार दिवसातून दहा वेळा ऐकू येते. "भाऊ, रातच्याला शंभर टक्के करून ठेवला, हातबी नाई लावला, अन् सकायी पायलं तं साठ!" आणि बरेचदा आपले उत्तरही ठरलेले असते : "बॅटरी गेली, बदलून टाकू." हे उत्तर कधी बरोबर निघते, कधी चुकते. चुकते तेव्हा त्याचा भुर्दंड गिऱ्हाइकाला पडतो आणि बट्टा आपल्या धंद्याला लागतो. म्हणून या अंकात पडून राहिलेल्या फोनच्या बॅटरीबद्दल थोडे सविस्तर लिहितो आहे.

मागच्या वर्षीची गोष्ट. धारणीकडच्या एका अंगणवाडीताईंचा फोन माझ्या टेबलावर आला होता. रात्रीतून बॅटरी उतरते, ही तक्रार. मी नवी बॅटरी टाकली, दिवसभर दुकानात ठेवून पाहिला, दोन-चार टक्क्यांपलीकडे काही उतरली नाही. फोन देऊन मोकळा झालो. पंधरा दिवसांनी त्या सेमाडोह-परतवाड्याची वाट तुडवून परत आल्या. "दादा, पैसे गेले अन् बॅटरी तशीच." तेव्हा मी त्यांना दोन रात्रींचे काम सांगितले. एक रात्र फोन नेहमीसारखा ठेवायचा, दुसरी रात्र फ्लाइट मोडवर. दोन्ही वेळा रात्री दहाचा आणि सकाळी सहाचा आकडा कागदावर लिहायचा. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला : पहिल्या रात्री २४ टक्के उतरली, दुसऱ्या रात्री फक्त २. फोन तोच, बॅटरी तीच, गावही तेच.

आता हे आकडे मिलिअँपिअरमध्ये मांडून पाहा. बॅटरी ५००० एमएएचची, म्हणजे एक टक्का ५० एमएएचचा. आठ तासांत २४ टक्के म्हणजे १२०० एमएएच, सरासरी ताशी १५०. दुसऱ्या रात्री १०० एमएएच, म्हणजे सरासरी साडेबारा. दोन्हींतला फरक नेटवर्कचा होता. त्यांच्या फोनमध्ये दोन सिम होती आणि त्यांतल्या एका कंपनीची त्यांच्या गावात रेंजच नव्हती. ते सिम रात्रभर टॉवर शोधत होते. अमरावतीत माझ्या दुकानाला दोन्ही कंपन्यांची भरपूर रेंज, त्यामुळे माझ्या टेबलावर तो दोष दिसणारच नव्हता. रेंज नसलेले सिम सेटिंगमधून बंद केले, नेटवर्क ४जीवर बांधून ठेवले आणि रात्रीचा उतार ८ टक्क्यांवर आला. बॅटरीचे पैसे मी परत केले. दोन खेपांचे भाडे आणि बुडालेले दोन दिवस मात्र परत करता आले नाहीत.

लिथियम-आयन बॅटरी सुटी काढून ठेवली तर महिन्याभरात तिचे मोजके टक्केच कमी होतात. एका रात्रीत वीस-तीस टक्के जातात तेव्हा एक तर कोणीतरी करंट ओढतो आहे, नाहीतर बॅटरीची क्षमताच इतकी घटली आहे की थोड्या करंटलाही टक्के भराभर पडतात. या दोन आजारांची औषधे वेगळी आहेत. नुसता टक्का पाहून ते वेगळे ओळखता येत नाहीत, त्यासाठी मोजावेच लागते.

पहिला संशयित नेटवर्क. टॉवर जवळ असला की फोन हळू आवाजात बोलतो, दूर असला की ओरडतो. ४जी फोनची प्रक्षेपणशक्ती कमाल २०० मिलिवॅटपर्यंत चढते आणि ती देण्यासाठी पीए आयसी बॅटरीतून त्याहून कितीतरी जास्त ओढतो. सिम स्टेटसमध्ये रेंज डीबीएममध्ये दिसते. उणे ८५च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ११०च्या पलीकडे गेली की फोनचे हाल. मेळघाटातली गावे, डोंगराच्या आडोशाची वस्ती, जाड भिंतींचे जुने वाडे, पत्र्याची घरे, सगळीकडे हेच दिसेल. देशात ऑक्टोबर २०२२ मध्ये ५जी सुरू झाले, पण जिथे त्याची रेंज काठावर आहे तिथे फोन ४जी आणि ५जीमध्ये ये-जा करत राहतो. त्यात ग्रामपंचायत, भावकी, बचतगट असे व्हॉट्सअ‍ॅपचे पंचवीस ग्रुप. प्रत्येक मेसेजला रेडिओ जागा होतो आणि मेसेज आल्यावरही काही सेकंद जागाच राहतो.

दुसरा संशयित अ‍ॅप. अँड्रॉइड ६मध्ये, २०१५ साली, गुगलने डोझ आणले. स्क्रीन बंद, चार्जर काढलेला आणि फोन हालचालीविना पडलेला असला की अ‍ॅपची मागची कामे अडवून ठेवायची आणि अधूनमधून थोडा वेळ मोकळीक द्यायची, ही त्याची पद्धत. अँड्रॉइड ७मध्ये खिशातल्या फोनलाही त्याचा काही भाग लागू झाला. अँड्रॉइड ९पासून कमी वापराच्या अ‍ॅपवर जास्त बंधने आली. म्हणजे फोनला झोपायचे कसे ते माहीत आहे, त्याला जागे ठेवतो आपण. बॅटरी सेटिंगमध्ये एखाद्या अ‍ॅपला 'अनरिस्ट्रिक्टेड' परवानगी दिलेली असते, लोकेशन 'नेहमी'वर असते, क्लीनर आणि बूस्टर नावाची अ‍ॅप टाकलेली असतात. बॅटरी वाचवतो म्हणणारा क्लीनर बहुतेक वेळा स्वतःच रात्रभर चालू असतो. दर दहा मिनिटांनी सगळी अ‍ॅप वर सरकवून बंद करण्याची सवयही सोडवायला सांगा. तेच अ‍ॅप पुन्हा शून्यातून उघडायला जास्त वीज लागते.

तिसरा संशयित बोर्ड. इथे आपली खरी कारागिरी लागते. फोन बंद करून पॉवर सप्लायवर लावा. पॉवर की दाबण्याआधीच मीटर करंट दाखवत असेल तर लीकेज आहे, बॅटरीचा काही संबंध नाही. पावसात भिजलेला, घामाने ओला झालेला, फवारणी करताना खिशात राहिलेला फोन असेल तर हे आधी तपासा. पुढे रॉझीन घ्या की थर्मल कॅमेरा, पद्धत तुमच्या हाताची. लीकेज नसेल तर फोन चालू करा, फ्लाइट मोडवर टाका, स्क्रीन बंद करा आणि दहा मिनिटे हात लावू नका. चांगला फोन दहा-वीस मिलिअँपिअरच्या आसपास किंवा त्याखाली येऊन बसतो. मीटर शंभराच्या खाली उतरतच नसेल तर तो झोपत नाही. मग एकदा सेफ मोडमध्ये पाहा. तिथे झोपला तर दोष अ‍ॅपचा, नाही झोपला तर बोर्ड उघडा.

आणि आपल्या भागाचा चौथा संशयित म्हणजे ऊन. अकोल्याचा पारा उन्हाळ्यात ४५च्या वर जातो, तोही सावलीत. अ‍ॅपल आपल्या फोनसाठी वापराची मर्यादा ३५ अंश सांगते आणि ४५ अंश ही नुसती ठेवण्याची मर्यादा. दुचाकीच्या डिकीतला किंवा पत्र्याखाली चार्जिंगला लावलेला फोन त्याच्याही पुढे जातो. बॅटरी युनिव्हर्सिटी या संकेतस्थळावरचे आकडे ध्यानात ठेवण्यासारखे आहेत : पूर्ण चार्ज केलेली लिथियम-आयन बॅटरी २५ अंशांत वर्षभर पडून राहिली तर क्षमता ८० टक्क्यांच्या आसपास उरते, ४० अंशांत ६५. तीच बॅटरी ४० टक्के चार्जवर ठेवली तर ९६ आणि ८५. यातून गिऱ्हाइकाला सांगायची गोष्ट सोपी आहे : उशीखाली, उन्हात, गादीवर चार्ज करू नका आणि फोनमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असेल तर ती चालू करा. आपल्यासाठीही यात एक गोष्ट आहे. उन्हाळ्यात पत्र्याच्या दुकानात बॅटरीचा मोठा साठा भरून ठेवू नका. तो माल विकण्याआधीच म्हातारा होतो आणि 'नवी टाकून महिना झाला नाही' ही तक्रार तिथूनच जन्म घेते.

उपाय सांगताना समोर कोण उभे आहे ते पाहा. 'रात्री फोन बंद ठेवा' हा सल्ला शहरातल्या माणसाला चालेल. ज्याला शेतीच्या विजेची पाळी रात्री येते तो सोबत फोन घेऊनच ओलित करायला जातो. टॉर्च, हाक आणि घड्याळ, सगळे त्याच्यासाठी त्या फोनमध्येच आहे. आशाताईला रात्री दोन वाजता बाळंतपणाचा निरोप येतो. ई-पीक पाहणीला लोकेशन लागते, म्हणून ते उखडून टाकू नका, 'फक्त अ‍ॅप वापरताना' एवढ्यावर आणून ठेवा. या सगळ्यांचा फोन रात्रभर जागा राहूनही सकाळी त्यात चार्ज शिल्लक हवा आहे, आणि ते करून देणे हेच आपले कौशल्य.

बॅटरी खरोखर गेली असेल तर जरूर बदला. फुगली असेल तर त्याच दिवशी काढा, टोचू नका, कचऱ्यात टाकू नका. बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियम, २०२२ प्रमाणे ती पुनर्वापराकडेच गेली पाहिजे. वाळूच्या डब्यात वेगळी ठेवा. नवी घेताना बीआयएसचा नोंदणी क्रमांक पाहून घ्या. पण बॅटरीच्या हजार-पंधराशे रुपयांत शेतमजुराची कित्येक दिवसांची मजुरी असते. ती घेण्याआधी आपण मोजले की अंदाज केला, एवढे स्वतःला विचारण्याची सवय लागली पाहिजे.

काही मित्र म्हणतील, दोन रात्री थांबायला सांगितले तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. जाईल एखादे. पण ज्याची बॅटरी न बदलता तुम्ही फक्त एक सिम बंद करून फोन बरा केला, तो माणूस गावात चार जणांना तुमचे नाव सांगेल. निदानाचे शंभर-दीडशे रुपये मोकळेपणाने मागा. ते तुमच्या ज्ञानाचे आहेत आणि लोक ते देतात.

या महिन्यात एवढे करा. काउंटरवर एक वही ठेवा. तक्रार आलेल्या प्रत्येक फोनचे गाव, नेहमीच्या रात्रीचा आकडा, फ्लाइट मोडच्या रात्रीचा आकडा, बंद फोनचा करंट आणि शेवटी सापडलेला दोष, अशा पाच नोंदी करा. महिनाअखेर त्या वहीचा फोटो आमच्याकडे पाठवा. धारणीपासून मूर्तिजापूरपर्यंतच्या नोंदी एकत्र करून कोणत्या भागात कोणता दोष जास्त सापडतो ते आपण पुढच्या अंकांत छापू. तोवर नवी बॅटरी कपाटातून काढण्याआधी एक रात्र मोजा.