मोबाईल दोघांच्या हातात, दोष मात्र एक नाही

काल रातीची लाईट होती. हरभऱ्याला पाणी देऊन १ वाजता घरी आलो, तर पोरगं पांघरुणात मोबाईल बघत पडलेलं. शेजारी आशाताईंच्या खिडकीतही तोच उजेड. दिवसभर घरोघरी फिरून त्या ॲपमध्ये माहिती भरत होत्या. सकाळी दोघांचेही डोळे लाल.

दोघांनाही मोबाईलचं येड लागलंय म्हणणं चूक आहे. पोराची ती सवय, ताईंवर लादलेलं काम. हजार माणसांमागं एक आशा, पगार नाही, नुसता मोबदला. वहीत लिहिलेलं परत मोबाईलमध्ये कशाला भरायला लावता? बाळंतिणीकडं बघायचं कुणी?

पोराचं म्हणाल तर जेवताना बाजारभाव मीपण बघतो. आजपासून आधी माझा मोबाईल फडताळात, मग त्याला सांगीन.