एक अंगावर, एक दोरीवर

2023 च्या नरकचतुर्दशीला आमच्या ताईचे आणि माझे चांगलेच वाजले. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, नौदलात आहे. जहाजाची इंजिने सांभाळतो. त्याचे जहाज त्या दिवसांत मुंबईतच होते. दादरहून गोदी ती कितीशी लांब! तरी पोरगा अभ्यंगस्नानाला घरी नाही. ताईने उटणे कालवून ठेवले होते आणि चकल्यांचा डबा वेगळा काढला होता. मी म्हटले, “लढाई नाही, काही नाही. धक्क्याला एवढी जहाजे नुसती उभी असतात. एक दिवस हा घरी आला असता, तर काय आरमार बुडणार होते?”

“आरमारातले तुला काय कळते? फराळ कर मुकाट्याने,” ताई म्हणाली. तिचे डोळे मात्र दाराकडे होते.

ती “नुसती उभी” असलेली जहाजे काय करीत असतात, हे पुढे भाच्याने मला पेन्सिल घेऊन समजावले. वाचकहो, मुंबईत जन्म गेला तरी मला ते ठाऊक नव्हते, हे कबूल करतो.

पश्चिम नौदल कमांडचे मुख्यालय मुंबईत आहे. ही कमांड 1968 साली स्थापन झाली. तिचा प्रमुख व्हाइस अॅडमिरल असतो आणि ताफा घेऊन समुद्रावर जाणारा रिअर अॅडमिरल वेगळा. एक घर चालवतो, दुसरा बाहेरचे पाहतो म्हणाना! एडनच्या आखातात चाच्यांविरुद्ध गस्त घालायला आपल्या नौदलाने 2008 च्या ऑक्टोबरात सुरुवात केली. 2017 पासून तर महत्त्वाच्या सागरी वाटांवर आपली जहाजे सतत असावीत असे ठरले. आता “सतत” हा शब्द बोलायला सोपा. पण एक जहाज सतत बाहेर ठेवायचे, तर जहाजे लागतात किती?

“तीन तरी,” भाचा म्हणाला. “एक बाहेर, एक जायच्या तयारीत आणि एक परत येऊन दुरुस्तीला.”

ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, “त्यात काय मोठेसे? शाळेच्या गणवेशासारखेच की! एक अंगावर, एक दोरीवर, एक बादलीत.”

आरमारावर याहून सुटसुटीत व्याख्यान मी ऐकलेले नाही.

बादलीतले जहाज, म्हणजे गोदीत दुरुस्तीला लागलेले. त्याच्या बुडाला चिकटलेले शेवाळ आणि शिंपले खरवडायचे, इंजिने उघडायची, पंप, तारा, तोफा सगळे तपासायचे. सुटे भाग यायचे ते घाटकोपरच्या नौदल भांडारातून. एखादा भाग वेळेवर आला नाही, की दुरुस्ती लांबते. आणि दुरुस्ती लांबली की बाहेरच्या जहाजाला लवकर परतता येत नाही. म्हणजे इकडच्या एका पंपापायी तिकडे कोणाची तरी रजा जाते. हे मात्र मला फार लागले.

दोरीवरच्या जहाजाची कथा आणखी निराळी. डागडुजी झाली म्हणजे जहाज तयार झाले असे नव्हे. मधल्या काळात निम्मी माणसे बदललेली असतात. मग सागरी प्रशिक्षणाची तपासनीस मंडळी येतात. त्यांची संघटना कोचीची. सासरच्या माणसांसारखी ती एकेक उणे काढतात. मध्येच जाहीर करतात, “इंजिनघरात आग!” दिवे घालवतात. धडधाकट माणसाकडे बोट दाखवून म्हणतात, “हा जखमी. उचला!” पास होईपर्यंत पुन्हा पुन्हा तेच. याला ते वर्कअप म्हणतात. आपण ज्या लोणावळ्याला चिक्की आणायला जातो, तिथे ‘आयएनएस शिवाजी’ या प्रशिक्षण केंद्रात एक हलणारी, डुलणारी खोली आहे. तीत भसाभस पाणी सोडतात आणि कमरेइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या पोरांना भोके बुजवायला लावतात. समुद्र कुठल्या कुठे, आणि बुडायची तालीम डोंगरात!

2023 च्या दिवाळीत भाच्याचे जहाज नेमके वर्कअपला होते. पहाटे बंदराबाहेर पडायचे, अंधारात परतायचे.

त्यानंतर महिनाभरात, 14 डिसेंबरला, सोमाली चाच्यांनी ‘रुएन’ हे माल्टाचे मालवाहू जहाज पळवले. 23 डिसेंबरला गुजरातच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात ‘केम प्लुटो’वर ड्रोन आदळला. बघता बघता आपल्या दहाहून अधिक युद्धनौका अरबी समुद्रात पसरल्या. भाच्याची त्यांतलीच एक. परत न फिरता राहायचे, म्हणून टँकर भर समुद्रात इंधन देतो. दोन जहाजे शेजारी-शेजारी चालत असतात आणि मधे नळ. सुकाणूवाल्याचा हात जरा चुकला तर संपले. या कामाचीही आधी तालीम झालेली असते, ती त्याच दोरीवरच्या दिवसांत.

मार्च 2024 मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने ‘रुएन’ला गाठले. चाच्यांनी गोळीबार केला. भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे 2600 किलोमीटरवर हवाई दलाच्या सी-17 विमानातून मरीन कमांडो आणि त्यांच्या बोटी समुद्रात उतरवल्या. 40 तास हे चालले. 35 चाच्यांनी शरणागती पत्करली, 17 खलाशी सुखरूप सुटले. 23 मार्चला चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली केले. बातमी वाचताना ताईने एकच विचारले, “त्या सतरा जणांच्या आयांना कळवले असेल ना लगेच?”

2024 च्या दिवाळीत भाचा घरी होता. त्याचे जहाज बादलीत गेले होते. अभ्यंगस्नान झाले, कारीट फुटले. ताई डबे भरत होती. एक भाच्याचा. दुसरा त्याच्या एका सोबत्याचा, ज्याचे जहाज आता वर्कअपला लागले होते आणि ज्याची आई तिकडे गुहागरला.

तो डबा लायन गेटपर्यंत मी स्वतः नेऊन दिला. पहारेकऱ्याने नाव लिहून घेतले आणि विचारले, “आपण त्यांचे कोण?”

“मामा,” मी सांगितले.