उंच खेळाडूला वेळ द्या

ग्रेटर नोएडात 2017 साली एनबीए या अमेरिकेतील बास्केटबॉल लीगची अकादमी सुरू झाली आणि बास्केटबॉलमधला एक जुना वाद दिल्लीच्या दाराशी आला. बचावात भिंतीसारखा उभा राहणारा, पण वारंवार दुखापत होणारा उंच खेळाडू संघाने निवडावा का?

धास्ती निराधार नाही. 2007 मध्ये एनबीएच्या नवोदित खेळाडूंच्या निवडीत (ड्राफ्टमध्ये) पोर्टलंड संघाने केव्हिन ड्युरंटला सोडून ग्रेग ओडनला पहिल्या क्रमांकावर निवडले. गुडघ्यांनी दगा दिला. पोर्टलंडसाठी तो जेमतेम 82 सामने खेळला. उलट 2014 मध्ये पायाचे हाड मोडलेल्या जोएल एम्बीडला फिलाडेल्फियाने तिसऱ्या क्रमांकावर घेतले आणि दोन हंगाम त्याची वाट पाहिली. 2023 मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

आमचे मत स्पष्ट आहे: निवडावा. बास्केटखाली असा खेळाडू उभा असला की प्रतिस्पर्धी आत घुसायलाच कचरतात, आणि हा धाक गुणफलकावर दिसत नाही. मात्र दुखापत कोणती, ती पुन्हा का झाली, याचे उत्तर आधी डॉक्टरांकडून घ्यावे. सुरुवातीला मैदानावरची मिनिटे मोजून द्यावीत. एवढा धीर नसलेल्या संघाने त्या वाटेला जाऊ नये.

आपल्याकडे अशी उंच मुले मोजकीच. ग्रेटर नोएडाच्या अकादमीतला प्रिन्सपाल सिंग एनबीएच्या दुय्यम स्पर्धेपर्यंत, म्हणजे जी लीगपर्यंत पोहोचला. वाढत्या वयाच्या मुलाला शाळा, क्लब, राज्य अशा सगळ्या संघांसाठी सिमेंटच्या कोर्टवर पळवायचे आणि गुडघा दुखला की यादीतून नाव कापायचे, हे थांबलेच पाहिजे.