सामायिक संग्रहातील फाईलचा ‘लेखक’

यवतमाळ आणि महानुभाव वाङ्मयाचे संशोधन यांचा संबंध जुना आहे. य. खु. देशपांडे यांचे ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ १९२५ साली प्रसिद्ध झाले आणि त्यांच्या परिश्रमांतून यवतमाळच्या शारदाश्रमात हस्तलिखितांचा संग्रह उभा राहिला. या क्षेत्रात आज काम करणाऱ्या अभ्यासकापुढे पोथीच्या जोडीने तिची छायाचित्रे, लिप्यंतरे आणि पाठभेदांच्या नोंदी असतात. आणि त्या पुष्कळदा विभागाच्या सर्व्हरवरील सामायिक फोल्डरमध्ये ठेवलेल्या असतात. तेथे एक अडचण वारंवार उद्भवते. पीएच.डी. पूर्ण करून विद्यार्थी निघून जातो, त्याचे खाते बंद होते आणि त्याने सिद्ध केलेली पाठभेदांची फाईल मागे राहिलेल्यांना उघडता येत नाही. उघडली तरी तीत दुरुस्ती करता येत नाही. हा प्रश्न तंत्रज्ञाकडे सोपवून मोकळे होण्याची रूढी मराठी विभागांत पडली आहे. पाठचिकित्सेच्या दृष्टीने ती घातक आहे.

संगणकाच्या लेखी फाईलचा ‘मालक’ म्हणजे ग्रंथकर्ता नव्हे, हक्कदारही नव्हे. ज्या खात्यातून फाईलची ती प्रत निर्माण झाली, ते खाते म्हणजे मालक. जुन्या पोथ्यांच्या पुष्पिकेत ‘लेखक’ हा शब्द बहुधा नकलकारासाठी येतो, हे जाणणाऱ्या अभ्यासकाला ही कल्पना परकी वाटू नये. एकाने केलेले लिप्यंतर दुसऱ्याने पेन ड्राइव्हवरून फोल्डरमध्ये उतरविले की मालक म्हणून सामान्यतः दुसऱ्याचीच नोंद होते. शिवाय ही नोंद नावाने होत नाही, आकड्याने होते. खाते काढून टाकल्यावर विंडोजमध्ये नावाच्या जागी आकड्यांची लांबलचक मालिका तेवढी दिसते. लिनक्समध्ये तर तोच रिकामा झालेला क्रमांक नव्या विद्यार्थ्याला दिला गेल्यास तो, काहीही न करता, आधीच्या संशोधकाच्या फाईलींचा मालक ठरतो!

अडचणीचे मूळ मात्र दर वेळी मालकीतच असते असे नाही. विंडोजच्या सर्व्हरवर जाळ्यावरील प्रवेशाची परवानगी वेगळी आणि फोल्डरची वेगळी. दोहोंपैकी जी अधिक कडक, ती लागू होते. तसेच फाईलची नक्कल केली तर नव्या जागेचे नियम तिला लागतात, पण त्याच डिस्कवर ती नुसती हलविली तर जुन्या परवानग्या बहुधा तिच्याबरोबरच येतात. खाजगी फोल्डरमधून ओढून आणलेली फाईल सामायिक फोल्डरमध्ये बंदच का राहते, याचे उत्तर अनेकदा एवढेच असते.

रूढ उपाय दोन. एक, सर्वांना सर्व परवानग्या देणे. दुसरा, प्रशासकाच्या खात्याने मुळापासून सगळ्या फोल्डरची मालकी एका आज्ञेसरशी आपल्याकडे घेणे. दुसऱ्या उपायाने फाईली उघडतात खऱ्या, पण कोणती प्रत कोणाच्या खात्यातून आली याची संगणकाजवळ असलेली नोंद त्याच क्षणी पुसली जाते. नकलकाराने आधारप्रतीची पुष्पिका गाळून स्वतःचे नाव घालावे, तसाच हा प्रकार होय. पहिला उपाय वरकरणी उदार भासतो; परंतु कोणीही कोणाचा पाठ बदलू शकेल अशा संग्रहावर संहितासंपादन उभे राहू शकत नाही. ‘लीळाचरित्रा’सारख्या ग्रंथाच्या बाबतीत, जेथे पाठपरंपरांचाच प्रश्न मोठा आहे, एखादा पाठ पोथीतला की अलीकडे कोणी दुरुस्त केलेला हे न कळणे क्षुल्लक नाही. वि. भि. कोलते यांच्या १९७८ च्या संपादनाशी वाद घालता येतो, कारण ते कोणाचे, हे निश्चित आहे. नामशेष झालेल्या खात्याच्या फाईलशी वाद कसा घालणार?

तेव्हा दुरुस्तीचा क्रम उलटा हवा. प्रथम मालकांची यादी काढून ठेवावी. विंडोजमधील ‘डिर’ या आज्ञेला ‘क्यू’ हा पर्याय जोडला की ती मिळते. मग परवानगी व्यक्तीऐवजी गटाला द्यावी: वाचणाऱ्यांचा गट मोठा, लिहिणाऱ्यांचा लहान. लिनक्समध्ये फोल्डरवर गटाचे चिन्ह लावून ठेवल्यास त्यात निर्माण होणारी प्रत्येक नवी फाईल आपोआप त्या गटाची होते. आणि फाईलच्या आरंभीच, साध्या मजकुरात, पोथी कोणती, लिप्यंतर कोणाचे, तपासणी कोणाची व केव्हाची, हे लिहावे. कारण मालकीची नोंद एका नकलेसरशी बदलते, मजकुरातील पुष्पिका मात्र नकलेबरोबर प्रवास करते. एवढी साधी गोष्ट जुन्या नकलकारांना कळत होती.

प्रबंध सादर करणाऱ्याकडून ग्रंथालयाचे ना-देय प्रमाणपत्र घेतले जाते. एक पुस्तक थकले तरी ते अडते. त्याच कागदावर आणखी एक ओळ घालता येईल: सामायिक फोल्डरमधील फाईली गटाकडे सोपविल्या, विभागप्रमुखांनी त्या दुसऱ्या खात्यातून उघडून पाहिल्या, आणि त्यानंतरच खाते बंद झाले.