‘रेफर’ आलेल्या बाळाला परत कोण आणणार?

करिअर गायडन्सच्या सेमिनारला तुम्ही कितीदा तरी बसला असाल. एमपीएससी, नीट, आयटी, बँकिंग, सगळं ऐकलं असेल. पण नवजात बाळाची श्रवण तपासणी करणं हेही एक काम असतं, हे कुणी सांगितलं? अमरावतीचं ‘डफरीन’ आणि अकोल्याचं ‘लेडी हार्डिंग’ ही आपल्याकडची सरकारी स्त्री रुग्णालयं. अर्ध्या वऱ्हाडाची लेकरं तिथं जन्माला येतात. त्यांच्यासाठी हे काम किती मोठं आहे, ते आज सांगायचंय. शिवाय एक गैरसमजही काढायचाय. आपल्याला वाटतं, यंत्र आलं की तपासणी झाली. तसं नाही. हे काम मुळात माणसाचं आहे.

आधी यंत्र समजून घ्या. बाळ झोपलेलं असताना त्याच्या कानात मऊ टोकाचा छोटा प्रोब ठेवतात आणि त्यातून बारीक आवाज सोडतात. आतला कान धड असेल तर तो स्वतःच एक अगदी हलका आवाज परत पाठवतो आणि यंत्र तो टिपतं. कानाचा हा गुण १९७८ मध्ये लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी दाखवून दिला. ‘ओएई’ तपासणी त्याच्यावरच उभी आहे. सुई नाही, दुखणं नाही. बाळ शांत असेल तर काही मिनिटांचं काम. शेवटी स्क्रीनवर एकच शब्द येतो, ‘पास’ किंवा ‘रेफर’.

खरी गोष्ट इथून सुरू होते. ‘रेफर’ म्हणजे बहिरेपण नव्हे. जन्मानंतर पहिल्या एक-दोन दिवसांत कानात पाणी किंवा चिकटा असतो, बाळ रडत असतं, वॉर्डात गोंगाट असतो. एवढ्यानंही ‘रेफर’ येतं. म्हणून काही दिवसांनी पुन्हा तपासायचं. पुन्हा तेच आलं तर ‘बेरा’ करायची. त्यात आवाज मेंदूपर्यंत पोचतो की नाही ते कळतं. काचेच्या पेटीत राहिलेल्या नाजूक बाळांची तर ‘बेरा’ करायलाच हवी, कारण कान चांगला पण पुढची नस कमजोर, असंही असू शकतं.

आता बाळंतिणीच्या जागी स्वतःला ठेवून बघा. दोन रात्री झोप नाही, टाके दुखताहेत आणि कुणीतरी कागदावर ‘रेफर’ लिहून देतं. एकतर ती हादरून जाईल, नाहीतर घरचे म्हणतील, ‘काही नाही होत वो, थाळी वाजवली तं दचकते लेकरू.’ थाळीच्या दणक्यानं कमी ऐकणारं बाळही दचकू शकतं. पुढं दोन वर्षांचं झालं तरी बोलत नाही, तर ‘याचा बापही उशिराच बोलला होता’ हे उत्तर तयारच असतं. श्रवणदोष चेहऱ्यावर दिसत नाही, म्हणून वेळ जातो.

आणि इथं वेळच सगळ्यात महत्त्वाची आहे. जन्मतःच दोन्ही कानांनी नीट ऐकू न येणारी बाळं हजारामागे साधारण एक ते तीन असतात. जगभर त्यांच्यासाठी १-३-६ असा हिशेब मानतात. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये झालेला अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांच्या आत निदान झालेली मुलं भाषेत इतरांच्या बरीच पुढं असल्याचं त्यात दिसलं. पुढं श्रवणयंत्र लावा, कॉक्लिअर इम्प्लांट करा किंवा खाणाखुणांची भाषा शिकवा. कोणताही रस्ता घ्या, पण लेकराला भाषा लवकर मिळाली पाहिजे. इम्प्लांटसाठी केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून मदत मिळते. पण जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी तिला वयाची अट आहे, पाच वर्षांपर्यंतच. पाचव्या वर्षी शाळेत नाव घालताना कळलं, तर काय उपयोग?

कागदावर सोय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातच फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या महाराष्ट्रातून, पालघरमधून झाली. जन्मजात बहिरेपण त्याच्या यादीत आहे आणि जिल्हा पातळीवरच्या केंद्रात ऑडिऑलॉजिस्टचं पदही धरलेलं आहे. मग बाळं निसटतात कुठं?

आपल्या घरातच बघा. पहिलं बाळंतपण माहेरी. समजा, माहेर अकोट, सासर दर्यापूर. बाळ अकोल्यात जन्मलं, ‘रेफर’ आलं. पुन्हा तपासायची वेळ आली तेव्हा सव्वा महिना व्हायचाय, म्हणून बाहेर पडू देत नाहीत. मग ती सासरी जाते. तालुका बदलला, जिल्हा बदलला, कागद अकोल्यातच राहिला. फाइलवरचा मोबाइल नंबर नवऱ्याचा, तो कामावर. धारणीच्या बाईला तर अमरावती म्हणजे घाटातला काही तासांचा प्रवास आणि बुडालेली मजुरी. तिला कोरकूत समजावणारं कुणी वॉर्डात होतं का, हाही प्रश्नच. ‘लोक जागरूक नाहीत’ म्हणून यातून सुटता येणार नाही.

उपाय फार महाग नाहीत. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी आशाताई ४२ दिवसांत सहा भेटी देते. ‘रेफर’ आलेल्या बाळांची यादी तिच्या हातात द्या, माहेरच्याही आणि सासरच्याही. दीड महिन्याच्या लसीला बाई बाळाला घेऊन येतेच. ओएई यंत्र हातात मावेल एवढं असतं. ठरलेल्या लसीकरणाच्या दिवशी ते ग्रामीण रुग्णालयात न्या. दोन जिल्ह्यांची नोंद एकमेकांना दिसू द्या. आणि सगळ्यात आधी, वॉर्डात याच कामासाठी पगारी माणूस ठेवा. बाळ झोपायची वाट बघणारा, ‘ताई, घाबरू नका, पण नक्की या’ असं सांगणारा, न आल्यास फोन करणारा. इंग्लंडमध्ये २००६ पासून प्रत्येक बाळाची श्रवण तपासणी देऊ करतात. तिथं त्यासाठी प्रशिक्षित स्क्रीनर असतात आणि ते डॉक्टर असावेच लागत नाहीत. आपल्याकडे हे काम नर्सच्या दहा कामांत अकरावं म्हणून टाकलं, तर यंत्र कपाटात जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

आता तुमचा वाटा. बारावी सायन्सला असलेलं भावंड असेल तर त्याला बीएएसएलपीबद्दल सांगा. ऑडिऑलॉजी आणि स्पीच थेरपीची ही पदवी चार वर्षांची असते, त्यात इंटर्नशिपही येते. मुंबईच्या अली यावर जंग संस्थेत हे शिक्षण मिळतं. आणि स्वतः आर्ट्‌स-कॉमर्सचे असाल, तरी घरात नवं बाळ आलं की पेढा खाण्याआधी एवढं विचारा: ‘कानाची तपासणी झाली का? काय आलं? परत कधी बोलावलंय?’ तारीख आपल्या मोबाइलमध्ये टाका. त्या दिवशी वहिनीला गाडीवर बसवून दवाखान्यात न्यायला काका, मामा किंवा आत्या म्हणून तुम्ही मोकळे असताच की!